तेल, पाणी आणि त्यांचा मध्यस्थ

श्रोतेहो, तेल आणि पाणी यांचें जमत नाहीं, हें सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाहीं. आमटीवर तरंगणारा तवंग आपण रोज पाहतों. एका बाटलींत तेल व पाणी घालून कितीही वेळ हालवलें, तरी बाटली खालीं ठेवल्यावर थोड्याच वेळांत तेल वर आणि पाणी खालीं अशी वांटणी पुन्हां होते. परंतु याच दोन हटवादी पदार्थांना तिसऱ्या एका पदार्थाच्या साह्यानें असें कांहीं एकत्र नांदवतां येतें, कीं तें मिश्रण कांचेसारखें स्वच्छ दिसतें, कितीही दिवस ठेवलें तरी फुटत नाहीं, आणि तें तयार करण्यास घुसळण्याचे श्रमही पडत नाहींत. अशा मिश्रणास 'सूक्ष्मपायस' म्हणतात. हा तिसरा पदार्थ म्हणजे साबणाच्या कुळांतला एक मध्यस्थ. त्याच्या रेणूची घडण जशी असेल, तसा मिश्रणाचा स्वभाव बनतो. आणि त्या स्वभावावर आपले कपडे, आपल्या नद्या आणि कांहीं रोग्यांचें जीवितही अवलंबून असतें. हें कसें घडतें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम या मध्यस्थाची ओळख करून घेऊं. त्याचें इंग्रजी नांव 'सर्फॅक्टंट'. पृष्ठभागावर, म्हणजे दोन पदार्थांच्या सीमेवर, जो काम करतो तो, असा त्या शब्दाचा भावार्थ. साबण हा त्यांतला सर्वांत परिचित; रिठा व शिकेकाई यांत फेस आणणारें द्रव्यही याच जातीचें. साबणाचा रेणु डोळ्यांपुढें आणावयाचा तर टांचणीची कल्पना करावी. टांचणीला एक डोकें असतें व एक लांब दांडी. साबणाच्या रेणूच्या डोक्यावर विद्युद्भार असतो, म्हणून पाण्याचे रेणू त्याच्याभोंवतीं जमतात व तें पाण्यांत रमतें. शेपटी मात्र कार्बन व हायड्रोजन यांची सांखळी, म्हणजे वस्तुतः तेलाचाच एक तुकडा. तिला पाणी नकोसें असतें. अशा दुहेरी स्वभावाच्या रेणूला तेल व पाणी यांच्या सीमेवर, डोकें पाण्यांत व शेपटी तेलांत ठेवून उभें राहणेंच सर्वांत सोईचें पडतें.

पाण्याच्या पृष्ठभागावर असे पदार्थ किती पातळ थर करून पसरतात, याचें आरंभींचें काटेकोर मापन एका गृहिणीनें केलें आहे. जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरीं राहणाऱ्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स या बाईंना विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नव्हतें. आजारी आईवडिलांची शुश्रूषा व घरकाम सांभाळून त्यांनीं पत्र्याच्या एका पन्हाळींत पाणी घेऊन हे प्रयोग केले आणि त्यांची हकीकत लॉर्ड रॅले यांस पत्रानें कळविली. रॅले यांनीं तें पत्र १८९१ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत छापवून आणलें. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंत अर्व्हिंग लँगम्युअर यांनीं या थरांत रेणू रांगेनें उभे असतात, हें दाखवून दिलें. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मास्तराला पॉकेल्सबाईंची ही हकीकत फार धीर देते.

आतां पाण्यांत थोडा साबण घालूं. प्रथम त्याचे रेणू पृष्ठभागावर जागा धरतात. पृष्ठभाग भरला कीं उरलेल्यांनीं जावें कोठें? मग ते एकत्र येऊन लहान लहान गोळे करतात. प्रत्येक गोळ्यांत शेपट्या आंत व डोकीं बाहेर, अशी मांडणी असते. या गोळ्यांना 'मिसेल' म्हणतात. साबणाच्या द्रावणांत असे रेणुपुंज असतात, ही कल्पना १९१३ सालीं जेम्स मॅकबेन यांनीं मांडली. हे मॅकबेन जन्मानें कॅनडाचे. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें व पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें प्राध्यापक होते. आपल्याला त्यांच्याविषयीं विशेष आपुलकी वाटावी याचें कारण असें, कीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक. त्या प्रयोगशाळेचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें ३ जानेवारी १९५० रोजीं झालें. साबणाच्या शास्त्राचा एक आद्य प्रवर्तक आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत पाषाणच्या माळावर काम करीत होता, हें पुणेकरांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मिसेल बनण्यास द्रावणांत मध्यस्थाचें कांहीं किमान प्रमाण असावें लागतें. येथेंच रेणूच्या घडणीचा पहिला प्रभाव दिसतो. बारा कार्बनांची शेपटी असलेलें सोडियम डोडेसिल सल्फेट हें द्रव्य शांपू व टूथपेस्ट यांत वापरतात. सामान्य उष्णमानांत त्याचें हें किमान प्रमाण दर लिटर पाण्याला सुमारें २.४ ग्रॅम असतें, आणि त्याच्या एका मिसेलांत सुमारें ६० रेणू असतात. रसायनशास्त्राच्या परिमाणांत हें प्रमाण ८ मिलिमोल होतें. शेपटींतील दोन कार्बन कमी केले, तर तें सुमारें ३३ मिलिमोलांवर चढतें. दोन वाढविले, तर सुमारें २ वर उतरतें. म्हणजे दर दोन कार्बनांगणिक गरज एक चतुर्थांशावर येते. शेपटी जितकी लांब, तितकें तिला पाण्यांत एकटें राहणें जड जातें, आणि तितक्या लवकर रेणू एकमेकांचा आश्रय शोधतात.

या मिसेलाचा आपल्याला उपयोग काय? त्याच्या पोटांत शेपट्यांचा जो गाभा असतो, तो तेलाचा एक चिमुकला थेंबच होय. जे पदार्थ पाण्यांत विरघळत नाहींत, ते या गाभ्यांत आश्रय घेतात. पाण्यांत न विरघळणारी वस्तु अशी सामावून घेण्याची ही जी शक्ति, तिला आपण 'विद्रावणशक्ति' म्हणूं. पेट्रोलसारखें शुद्ध तेल गाभ्याच्या मध्यभागीं जातें. ज्या पदार्थाला स्वतःला थोडें पाण्याचें वेड आहे, उदाहरणार्थ मोठ्या रेणूचें अल्कोहोल, तो डोक्यांच्या रांगेंत, खांबांमधल्या जागेंत राहावा तसा, राहतो. शेपटी लांबविली कीं गाभा मोठा होतो व तेल सामावण्याची शक्ति वाढते. विद्युद्भार नसलेल्या डोक्याच्या मध्यस्थांत किमान प्रमाणाची गरज आणखी कमी असल्यानें, पातळ द्रावणांत त्यांची विद्रावणशक्ति बहुधा अधिक भरते.

येथवर मिसेल झाला. त्यांत तेल सामावत सामावत गेलें, कीं तो फुगून खरोखरीचा थेंब बनतो आणि आपण सूक्ष्मपायसाच्या दारांत येऊन उभे राहतों. केंब्रिज येथें होर व शुलमन यांनीं १९४३ सालीं अशा स्वच्छ मिश्रणांचें वर्णन प्रसिद्ध केलें. साबण, तेल व पाणी यांच्या दुधासारख्या मिश्रणांत मध्यम लांबीच्या सांखळीचें अल्कोहोल थोडें थोडें घालीत गेलें, कीं एका क्षणीं तें दूध एकाएकीं निवळून पारदर्शक होतें. 'मायक्रोइमल्शन' हें नांव मात्र शुलमन व त्यांचे सहकारी यांनीं १९५९ सालीं दिलें.

दूध पांढरें कां आणि हें मिश्रण स्वच्छ कां? दुधांतील स्निग्धाचे गोळे कांहीं सहस्र नॅनोमीटर व्यासाचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या. त्यांच्याहून मोठे कण प्रकाश चहूंकडे उधळून देतात, म्हणून दूध पांढरें दिसतें. सूक्ष्मपायसांतील थेंब साधारणतः १० ते १०० नॅनोमीटरांचे. प्रकाशाची लहर त्यांना जवळजवळ न अडखळतां ओलांडून जाते. पण खरा भेद नुसता आकाराचा नव्हे. दूध, फिनेलचें पांढरें पाणी किंवा अंगाला लावण्याचें क्रीम, हीं साधीं पायसें आज ना उद्यां फुटावयाचीं; तीं बळजबरीनें केलेलीं असतात. सूक्ष्मपायस आपणहून बनतें आणि उष्णमान व प्रमाण न बदलल्यास तसेंच राहतें, कारण तीच त्या मिश्रणाची स्वाभाविक विश्रांतीची स्थिति असते.

हें शक्य कसें होतें? थोडा हिशेब करूं. एक घन सेंटिमीटर तेलाचे १० नॅनोमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्या सर्वांच्या पृष्ठभागाची बेरीज ६०० चौरस मीटर भरते. चमचाभरही नसलेल्या तेलाला एवढें मोठें आंगण! तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण सुमारें ५० मिलिन्यूटन दर मीटर असतो. इतका ताण असतां एवढी सीमा निर्माण करणें निसर्गाला परवडत नाहीं. मध्यस्थ त्या सीमेवर दाटीनें उभा राहिला, कीं ताण उतरत जातो. आणि तो शतांश किंवा सहस्रांश मिलिन्यूटनापर्यंत उतरला, म्हणजे थेंबांच्या मुक्त विखुरण्यांतून होणारी प्राप्ति सीमा उभारण्याच्या खर्चाहून अधिक भरते. मग मिश्रण आपोआप बनतें. मात्र या आंगणांत उभें करावयास रेणूही तितकेच लागतात. प्रत्येक रेणूला अर्धा चौरस नॅनोमीटर जागा धरली, तर वरील एक घन सेंटिमीटर तेलासाठीं अर्ध्या ग्रॅमहून थोडें अधिक मध्यस्थ द्रव्य खर्चीं पडतें. सूक्ष्मपायस महाग पडतें, तें या कारणानें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कोणत्या घडणीचा रेणु कोणत्या तऱ्हेचें मिश्रण करील? यासाठीं विहीर बांधणाऱ्या पाथरवटाचें उदाहरण घ्यावें. सरळ भिंतीसाठीं तो चौरस घडीव दगड वापरतो. गोल विहिरीसाठीं मात्र दगड पाचरीसारखे, आंतल्या बाजूला अरुंद व बाहेरच्या बाजूला रुंद, असे घडवावे लागतात. तरच ते एकमेकांना भिडून वर्तुळ साधतें. रेणूंचेंही तसेंच. डोकें रुंद व शेपटी सडपातळ असेल, तर रेणू आपणहून अशा वर्तुळांत बसतात, कीं डोकीं बाहेर पाण्यांत व शेपट्या आंत तेलांत. यानें पाण्यांत तेलाचे थेंब मिळतात. डोकें व शेपटी सारख्याच रुंदीचीं असतील, तर सपाट थर होतो. आणि शेपटी जाड व डोकें अरुंद असेल, तर वर्तुळ उलटें फिरतें. डोकीं आंत, शेपट्या बाहेर, आणि तेलांत पाण्याचे थेंब.

हाच विचार इस्रायलाचविली, मिचेल व निन्हॅम यांनीं १९७६ सालीं गणिताच्या भाषेंत मांडला. शेपटीचें आकारमान घ्यावें, त्यास डोक्याचें क्षेत्रफळ व शेपटीची लांबी यांच्या गुणाकारानें भागावें. भागाकार एक तृतीयांशाहून कमी आल्यास गोल मिसेल, एक तृतीयांश ते अर्धा आल्यास लांबट कांडीसारखे पुंज, अर्धा ते एक आल्यास थर, आणि एकाहून अधिक आल्यास उलट मांडणी. बारा कार्बनांच्या शेपटीचें आकारमान सुमारें ०.३५ घन नॅनोमीटर व लांबी सुमारें १.६७ नॅनोमीटर, डोक्याला ०.६ चौरस नॅनोमीटर दिले, तर उत्तर ०.३५ येतें. तें एक तृतीयांशाच्या अगदीं जवळ आहे, आणि त्या द्रव्याचे मिसेल खरोखरच गोलसर असतात. उलट आपल्या पेशींच्या आवरणांतील लेसिथिनाला दोन शेपट्या असतात. त्याचें उत्तर एकाच्या आसपास येतें, म्हणून त्याचे सपाट थर होतात. पेशीची भिंत उभी राहते, ती या साध्या भागाकारावर.

याचा पडताळा घरीं घेतां येतो. स्वच्छ पेल्यांत साबणाचें पातळ पाणी घेऊन त्यांत चुन्याच्या निवळीचे थेंब टाकावे. पाणी गढुळतें, फेस मरतो व दह्यासारख्या कवड्या वर येतात. साबणांतील सोडियमाच्या एका कणाबरोबर एकच शेपटी बांधलेली असते. चुन्यांतील कॅल्शियम दोन शेपट्यांना एकत्र जखडतो आणि त्यांच्या डोक्यांवरील भार मारून टाकतो. डोकें आंखडलें, शेपट्या दुप्पट झाल्या. पाचर उलटी झाली. म्हणूनच सोडियमाचा साबण पाण्यांत तेलाचें पायस करतो आणि कॅल्शियमाचा साबण तेलांत पाण्याचें. जेथें विहिरीचें पाणी जड असतें, तेथें धुणें निघत नाहीं व बादलीला करडी साय चढते. त्यांत धुणाऱ्या बाईच्या हाताचा दोष नसतो. रेणूची पाचर पाण्यानें उलटी फिरवलेली असते.

होर व शुलमन यांना अल्कोहोल कां घालावें लागलें, हेंही आतां उलगडतें. एका शेपटीच्या साबणाचीं भारयुक्त डोकीं एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्यामध्यें लहान डोक्याचें व आंखूड शेपटीचें अल्कोहोल शिरलें, म्हणजे तटबंदींतील फटी बुजतात, ताण उतरतो आणि थर ताठर न राहतां लवचीक होतो. परंतु रेणूची घडणच अनुकूल असेल, तर या मदतनिसाची गरज उरत नाहीं. डॉक्युसेट सोडियम नांवाचें द्रव्य मलावरोधावरील औषधांत वापरतात. प्रयोगशाळेंत तेंच 'एओटी' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याला फांटे फुटलेल्या दोन शेपट्या असतात. तें पाणी व तेल यांत घालतांच, कोणाच्याही मदतीवांचून, तेलांत पाण्याचे नॅनोमीटरच्या मापाचे थेंब होतात. थेंब केवढा व्हावा, तें आपल्या हातीं राहतें. मध्यस्थाच्या दर रेणूमागें पाण्याचे दहा रेणू दिले, तर थेंबाची त्रिज्या सुमारें दीड नॅनोमीटर. चाळीस दिले, तर सुमारें सहा. पाणी चौपट, त्रिज्या चौपट, असा हा सरळ व्यवहार आहे.

शेपटीबरोबर डोक्याचाही विचार करावयास हवा. भारयुक्त डोक्याच्या मध्यस्थांत मीठ घातलें, कीं डोक्यांमधील परस्परद्वेष मंदावतो, डोकीं जवळ येतात व पाचर हळूहळू उलटूं लागते. भाररहित डोकें बहुधा एथिलीन ऑक्साइडच्या सांखळीचें असतें. तें पाण्याला धरून फुगलेलें असतें. त्याला ऊब दिली, कीं पाणी सुटतें व डोकें आंखडतें. म्हणून तेंच मिश्रण थंडींत पाण्यांत तेलाचें, तर उष्णतेनें तेलांत पाण्याचें होतें. जपानांत कोझो शिनोडा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या पालटाच्या उष्णमानाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याआधीं १९४९ सालीं ग्रिफिन यांनीं मध्यस्थांना शून्य ते वीस असे गुण देण्याची एक सोपी रीत काढली होती. पाण्याची ओढ अधिक, तर गुण अधिक. साधारणतः ३ ते ६ गुणांचे मध्यस्थ तेलांत पाणी मिसळण्यास, व ८ ते १८ गुणांचे पाण्यांत तेल मिसळण्यास योग्य ठरतात. क्रीम व औषधें तयार करणारे लोक ही गुणपत्रिका अद्यापि वापरतात.

विन्सर नांवाच्या शास्त्रज्ञांनीं १९४८ सालीं याच पालटाच्या तीन पायऱ्या परीक्षानळींत दाखविल्या. पहिल्या पायरीवर खालीं तेल सामावलेलें पाणी व वर मोकळें तेल असतें. शेवटच्या पायरीवर वर पाणी सामावलेलें तेल व खालीं मोकळें पाणी. आणि मधल्या पायरीवर तीन थर दिसतात: वर तेल, खालीं पाणी आणि मध्यें दोघांनाही सारख्याच मानानें सामावून घेणारा तिसरा थर. या मधल्या थरांत गोल थेंब नसतात. स्पंजांतील पोकळ्या व त्यांच्या भिंती दोन्ही जशा सलग असतात, तसे तेल व पाणी एकमेकांत गुंतून सलग वाहत असतात. ही कल्पना स्क्रिव्हेन यांनीं १९७६ सालीं मांडली. येथें पाचर कोणत्याच बाजूला झुकलेली नसते आणि सीमेवरील ताण नीचांकास पोहोंचतो. हुह यांनीं १९७९ सालीं दाखविलें, कीं विद्रावणशक्ति जितक्या पटीनें वाढेल, तिच्या वर्गाच्या मानानें ताण उतरतो. मध्यस्थाच्या दर घन सेंटिमीटरमागें दहा घन सेंटिमीटर तेल सामावलें गेलें, तर ताण सुमारें ०.००३ मिलिन्यूटन दर मीटर इतका खालीं येतो. पृथ्वीच्या पोटांत खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून राहिलेलें खनिज तेल सैल करण्यासाठीं तेलविहिरींचे तज्ज्ञ याच मधल्या पायरीच्या मागें असतात.

तेलाची स्वतःची घडणही विसरून चालणार नाहीं. पेट्रोलांतील लहान रेणू मध्यस्थांच्या शेपट्यांमध्यें सहज शिरतात. आपलें खाण्याचें तेल मात्र तीन लांब सांखळ्या एका गांठीनें बांधलेल्या बोजड रेणूंचें असतें. तें शेपट्यांच्या दाटींत शिरत नाहीं. शेंगदाण्याच्या तेलाचें सूक्ष्मपायस करणें रॉकेलाच्या मानानें कितीतरी अवघड, तें यामुळें.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, ही रेणूंची कारागिरी प्रयोगशाळेंत राहूं द्या. आमच्या घराशीं तिचा संबंध काय? तीन उदाहरणें देतों.

पहिलें नदीचें. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या भुकट्यांत फांटे फुटलेल्या शेपटीचें एक स्वस्त द्रव्य सर्रास वापरूं लागले. तें धूत उत्तम असे. परंतु पाण्यांतील जंतूंना तीं फांटे असलेली सांखळी तोडतां येईना. १९५० नंतरच्या दशकांत युरोप व अमेरिका येथील नद्यांवर फेसाचे ढीग तरंगूं लागले. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं याविषयीं कायदा केला, आणि अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीचीं द्रव्यें स्वीकारलीं. सरळ सांखळी जंतू टोंकापासून कुरतडत जातात. धुण्याच्या कामांत फारसा फरक पडला नाहीं. फरक पडला तो नदींत. मात्र सरळ शेपटी म्हणजे सर्व दोषांचें निवारण नव्हे. सांडपाणी शुद्ध न करतां सोडलें, तर जंतूंना त्यांचें काम करावयास अवकाशच मिळत नाहीं. दिल्लीजवळ यमुनेवर दिसणारा फेस त्याची साक्ष देतो.

दुसरें उदाहरण आपल्या शरीराचें. यकृतांतून स्रवणाऱ्या पित्तांत असे क्षार असतात, कीं त्यांचा रेणु टांचणीसारखा नसून चपट्या पाटासारखा असतो. पाटाची एक बाजू पाण्याची व दुसरी तेलाची. असे पाट एकमेकांना पाठीशीं पाठ लावून लहानसे पुंज करतात. त्यांत कोलेस्टेरॉल फार थोडें मावतें. पण पित्तांत लेसिथिनही असतें, आणि दोन घडणींच्या मिश्र पुंजांत कोलेस्टेरॉल पुष्कळ अधिक सामावतें. पित्तक्षार व लेसिथिन यांच्या मानानें कोलेस्टेरॉल फाजील झालें, म्हणजे सामावणाऱ्यांची शक्ति संपते, तें स्फटिक होऊन बाहेर पडतें आणि त्याचे पित्ताशयांत खडे बनतात. हा हिशेब अ‍ॅडमिरँड व स्मॉल यांनीं १९६८ सालीं मांडला.

तिसरें उदाहरण औषधाचें. दुसऱ्याचें मूत्रपिंड शरीरांत बसविलें, तर शरीर तें परकें समजून नाकारूं पाहतें. हा विरोध शमविणारें सायक्लोस्पोरिन हें औषध अमेरिकेंत १९८३ सालीं मान्य झालें. पण तें पाण्यांत विरघळत नाहीं. प्रथम तें तेलांत मिसळून देत. पोटांत त्याचें ओबडधोबड पायस होई, आणि तें पचनीं पडणें रोग्याच्या पित्तावर अवलंबून राही. एकाला तीच मात्रा अपुरी पडे, तर दुसऱ्याला अति होई. अपुरी पडली तर बसविलेलें मूत्रपिंड नाकारलें जाण्याचें भय. अति झाली तर औषधच मूत्रपिंडाला इजा करी. एकाच वाटेवर दोन्ही बाजूंनीं दरी. पुढें 'नीओरल' या नांवानें, अमेरिकेंत १९९५ सालीं, नवी घडण मान्य झाली. तींत तेल, थोडा मद्यार्क आणि एरंडेलापासून बनविलेला, मोठ्या भाररहित डोक्याचा मध्यस्थ असे घटक असतात. पोटांतील पाणी लागतांच त्याचें आपोआप सूक्ष्मपायस होतें, आणि औषधाचें शोषण पूर्वीपेक्षां बरेंच सारखें व भरंवशाचें होतें. औषध तेंच, बदलली ती केवळ त्याची पालखी. म्हणून अशा रोग्यांनीं एका प्रकारच्या गोळीऐवजीं दुसऱ्या प्रकारची गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कधींही घेऊं नये. वेष्टणावरील औषधाचें नांव एकच असलें, तरी शरीरांत पोहोंचणारी मात्रा एकच असते असें नाहीं.

मध्यस्थ मात्र निरुपद्रवीच असतो असें समजूं नये. एरंडेलाच्याच कुळांतला एक मध्यस्थ पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाबरोबर शिरेंतून देतात. त्यानें कित्येकांना तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून आधीं तिला आवर घालणारीं औषधें द्यावीं लागतात. जो रेणु औषधाला पाण्यांत नेऊन सोडतो, तो पेशीच्या भिंतीशींही सलगी करूं शकतो. कारण तीही भिंत त्याच जातीच्या रेणूंची. यासाठींच किती कमी मध्यस्थांत किती अधिक औषध सामावेल, हा प्रश्न औषधशास्त्रांत इतक्या कसोशीनें सोडवला जातो.

सारांश असा. शेपटी लांब केली, तर कमी मध्यस्थांत काम भागतें व तेल अधिक सामावतें; पण पाण्यांत त्याची विद्राव्यता घटते. शेपट्या दोन केल्या किंवा फांटे फोडले, तर तेलाकडे कल वाढतो. पण फांटे जंतूंना पचत नाहींत. डोकें मोठें केलें, तर पाण्याकडे कल वाढतो. मीठ व ऊब यांनीं तें आंखडतें. कोणतीही एक घडण सर्व कामांना उत्तम नाहीं. कोणतें तेल, कसलें पाणी, किती उष्णमान आणि उपयोग कशासाठीं, हें पाहून पाचर घडवावी लागते. बाजारांतून धुण्याची भुकटी आणतांना तिच्या फेसाकडे आपण पाहतों. फेस हें स्वच्छतेचें माप नव्हे. मध्यस्थानें आपलें काम करून नंतर निमूटपणें नाहींसें व्हावें, हा त्याचा खरा गुण. आणि तो त्याच्या रेणूच्या घडणींत असतो, जाहिरातींत नसतो.